कूलरचं बटन बदललं, आता पंखा नुसता घूं करतो. मोटर जळाली का?

भाऊ, मोटर जळालेली नाही. निदान अजून तरी नाही. रिवाइंडिंगला (आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यायला) टाकायची घाई करू नका.

तुम्ही लिहिलंय की पत्र्याच्या डेझर्ट कूलरचं फिरवायचं जुनं बटन वितळलं, म्हणून नवं आणून स्वतःच बसवलं. पंप चालतो, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) भिजतात, पण पंखा तिन्ही नंबरवर नुसता घूं करतो. काडीनं ढकलला तर ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे : "एक वायर उरली होती, तिला टेप गुंडाळून ठेवली." सगळं दुखणं त्या ओळीत आहे. कूलरमध्ये वायर उरत नसते.

मी विदर्भात आर्वीकडच्या एका गावात विहिरीवरच्या मोटरी आणि उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतो. नवं बटन बसवल्यावर असं झालेले कूलर दर नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) येतात. या मोटरीत दोन वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात. एकीला सरळ लाईन मिळते, दुसरीला कंडेन्सरमधून (म्हणजे कपॅसिटर, मोटरीजवळची दोन टोकांची छोटी डबी). कंडेन्सरमुळे दुसरीतला करंट पहिलीच्या थोडा पुढे राहतो आणि त्या अंतरामुळेच पंख्याला फिरायची दिशा मिळते. कंडेन्सरचा जोड तुटला की उरते एकटी वाइंडिंग. ती थरथरते, घूं करते, पण कुठं फिरायचं ते तिला ठरवता येत नाही. म्हणून ढकलाल तिकडं फिरते. वाइंडिंग खरंच जळाली असती तर बहुतेक वेळा वास आला असता, एमसीबी (बोर्डावरचं आपोआप पडणारं बटन) पडली असती किंवा आवाजच आला नसता.

आता उरलेली वायर कोणती ते बघू. तिन्ही नंबरवर घूं येतं, म्हणजे कॉमन (सगळ्या स्पीडना मिळून असलेली एक वायर) आणि तिन्ही स्पीडच्या वायरी आपापल्या जागी आहेत. राहिली ती कंडेन्सरची. प्लग भिंतीतून काढा (नुसतं बटन बंद करून भागणार नाही) आणि टेपवाल्या वायरीचा माग काढा. ती कंडेन्सरलाच जाऊन मिळेल. आपल्याकडच्या बहुतेक कूलरमध्ये तिचं टोक जोराच्या स्पीडच्या टर्मिनलवर, त्या स्पीडच्या वायरीसोबत असतं. जुन्या बटनाच्या एका स्क्रूखाली दोन वायरी होत्या का, ते आठवा. जुनं बटन फेकलं नसेल तर त्यावर खूण दिसेल. आठवत नसेल तर मल्टिमीटर ओहमवर लावून कॉमन आणि प्रत्येक स्पीडची वायर मोजा. सगळ्यात कमी ओहम येतील ती जोराची. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असतात. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड दांड्याच्या पेचकसानं एकमेकांना टेकवा, त्यात चार्ज साठलेला असू शकतो.

जोडल्यावरही घूं राहिलं तर कंडेन्सर बदला. त्यावर छापलेला एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) आकडा असेल तेवढ्याचाच आणा. मोठा टाकला की पंखा जोरात फिरतो असं दुकानात कोणी सांगेल, पण त्यानं वाइंडिंग तापते. प्लग काढलेला असताना पंखा बोटानं फिरवूनही बघा. खाऱ्या पाण्याचे क्षार आणि धूळ बुशात (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात) बसले की तो जड होतो, मग वायरिंग कितीही बरोबर असो.

एक गोष्ट गावात राहणाऱ्यानं विसरू नये. संध्याकाळी सगळे कूलर एकदम सुरू झाले की डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो आणि २३० व्होल्टच्या जागी कधी कधी १७० सुद्धा मिळत नाहीत. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे १७० ला जेमतेम निम्मा उरतो. दुपारी फिरणारा पंखा रात्री आठला घूं करत असेल तर आधी व्होल्टेज मोजा. आणि कारण काहीही असो, घूं करत अडलेला पंखा चालू ठेवू नका. अडलेली मोटर फिरत्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि न जळलेली वाइंडिंग तशीच जळते.

जुनं बटन वितळलं कशानं, तेही शोधा. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा ढिला स्क्रू असतो. ढिल्या जोडाला ठिणगी पडते, प्लास्टिक मऊ होतं. नव्या बटनाचे स्क्रू घट्ट आवळा, एका स्क्रूखाली दोन वायरी असतील तर त्यांच्या आतल्या बारीक तारा आधी एकत्र पिळून घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण घरात आई एकटी असते असं लिहिलंय. पत्र्याची टाकी, ओली फरशी, पाण्यात बुडालेला पंप. काही वर्षांपूर्वी मी आमच्याच घरच्या पंपाची तुटलेली वायर टेपनं जोडून टाकीत सोडली होती. वहिनी बादलीनं पाणी भरायला गेली आणि तिचा हात पत्र्याला चिकटला. पुतण्यानं प्लग ओढला म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून मी कुणाच्याही कूलरमध्ये पाण्याखाली जोड ठेवत नाही. पंपाची वायर अखंडच घालतो. तुमच्या प्लगला तीन पिना आहेत का, तिसरीची वायर पत्र्याला स्क्रूनं पक्की लावली आहे का, आणि घराचं अर्थिंग जमिनीत खरंच गाडलेलं आहे का, हे तिन्ही बघा. भिंतीत ठोकलेला खिळा म्हणजे अर्थिंग नव्हे. जमलं तर बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारं बटन) बसवून घ्या. आईला सांगा, पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, दर वेळी.

वायर जोडण्याआधी बटनाचा आणि कंडेन्सरचा फोटो इथं टाका, मी खूण करून देतो.