मॅंडेव्हिलच्या माश्या आणि नीतीचा हिशेब

तुमचं म्हणणं असं की, देश दुर्गुणांमुळेच श्रीमंत होतो हे मॅंडेव्हिलने अठराव्या शतकातच सिद्ध केलं, मग नीतीच्या गप्पा कशाला? सिद्ध वगैरे त्याने काही केलं नाही. डिवचलं मात्र असं की भलेभले उत्तरं देत बसले.

बर्नार्ड मॅंडेव्हिल हा हॉलंडमधून लंडनला येऊन स्थायिक झालेला डॉक्टर. १७०५ मध्ये त्याने मधमाश्यांच्या पोळ्यावर एक कविता छापली. पोळ्यात लबाडी, चैन, मिरवामिरवी जोरात आणि धंदापाणीही जोरात. मग देव सगळ्यांना एकदम प्रामाणिक करतो. झालं! सावकार विसरलेली कर्जंसुद्धा ऋणको आपणहून फेडतात, वकील गप्प. तुरुंग रिकामे, त्यामुळे कुलपं-बेड्या घडवणाऱ्या लोहारांनाही गाशा गुंडाळावा लागतो. शेवटी उरल्यासुरल्या माश्या झाडाच्या ढोलीत जाऊन राहतात. १७१४ मध्ये यावर टिपा जोडून त्याने पुस्तक केलं. १७२३ च्या वाढीव आवृत्तीवर तर मिडलसेक्स या लंडनलगतच्या परगण्यातल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ठपकाच ठेवला.

खरी मेख त्याच्या मोजपट्टीत आहे. ज्यात स्वार्थाचा किंवा हौसेचा लवलेशही नाही तेवढाच सद्गुण, बाकी सगळा दुर्गुण! या हिशेबाने धुतलेला सदरा घालणंही चैनीत जमा. अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा ॲडम स्मिथ, त्याने १७५९ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं: प्रत्येक भावनेला सरसकट दुर्गुण ठरवणं हीच याची चूक. त्याआधी १७५२ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने निरुपद्रवी चैन आणि घातक चैन वेगळी काढली होती. स्मिथचा गुरू फ्रान्सिस हचिसन, त्याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं, कारण ते रोकडं आहे. खपच वाढवायचा ना? मग दारू पिऊन लवकर मरणाऱ्यापेक्षा बेताने पिऊन म्हातारा होणारा माणूस दुकानदाराला जास्त पैसे देऊन जातो.

एक मात्र आहे, 'स्वार्थ मोकळा सोडा, सगळं आपोआप ठीक होईल' असं मॅंडेव्हिल म्हणत नाही. दुर्गुणांचा फायदा करून घ्यायला चतुर राज्यकर्ता लागतो, हे तो बजावून सांगतो. त्याचे आजचे चाहते हे वाक्य सोयीस्कर गाळतात.

१७२३ च्या आवृत्तीतला धर्मादाय शाळांवरचा निबंधही ते गाळतात. गरिबांची पोरं शिकली तर कष्टाची कामं कोण करणार, असा तिथला सूर आहे. माश्यांची कविता वाचून हसू येतं. हा निबंध वाचून या समृद्धीत कोणाचा वाटा किती, ते कळतं. पुढचा वाद घालण्याआधी तेवढा वाचा.