आकडा खरा, पण कशाचा? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे सरकारी लाभयोजनांतील फसवणुकीबद्दल राजकीय नेते जे दावे करतात त्यांच्याविषयी आहेत. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत दीडशे वर्षे वयाच्या माणसांची नावे पेन्शनच्या यादीत आहेत, असे तिथल्या राष्ट्राध्यक्षांनीच भाषणात सांगितले. आकडे इतके नेमके होते की ते बनावट असतील असे वाटत नाही. मग ते खरे मानायचे का?

आकडे बनावट नव्हते, आणि या प्रकरणातली मेख तीच आहे. ४ मार्च २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या, नोंदींमधले वयोगट एकामागून एक वाचून दाखवले : १०० ते १०९ वयाचे ४७ लाख, ११० ते ११९ वयाचे ३६ लाख, असे करत करत १५० ते १५९ वयाचे १३ लाख. यांपैकी अनेकांना पैसे दिले जात आहेत, असेही ते म्हणाले. त्याआधी फेब्रुवारीत इलॉन मस्क यांनी अशाच वयोगटांचा तक्ता समाजमाध्यमावर टाकला होता.

हा तक्ता ज्या नोंदवहीवरून निघाला ती पेन्शन घेणाऱ्यांची यादी नाही. ज्यांना कधीकाळी सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला गेला अशा सगळ्यांची ती मूळ नोंदवही आहे, आणि तक्त्यात मोजले गेले ते असे लोक की ज्यांच्या नावापुढे मृत्यूच्या तारखेचा रकाना कोरा राहिला होता. ही योजना १९३५ च्या कायद्याने आली. १८९० च्या सुमारास जन्मलेला एखादा कामगार क्रमांक घेतो, निवृत्तीपूर्वीच वारतो, घरचे लोक ही बातमी त्या कार्यालयाला कळवत नाहीत, आणि मृत्यूच्या नोंदी संगणकावर जाण्याआधीचा तो काळ असल्यामुळे कागद आपोआपही तिथे पोहोचत नाही. या माणसाने एक डॉलरही पेन्शन घेतलेली नसते, पण २०२५ मध्ये तक्ता निघाला तेव्हाही नोंदवहीत तो वाढदिवस साजरे करत होता.

ही योजना चालवणाऱ्या खात्याच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी जुलै २०२३ मध्ये याचाच हिशेब मांडला होता. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या आणि मृत्यूची नोंद नसलेल्या १ कोटी ८९ लाख क्रमांकधारकांपैकी सुमारे ९८ टक्के लोकांना कोणताही लाभ मिळत नव्हता आणि गेल्या ५० वर्षांत त्यांच्या नावावर कमाईचीही नोंद नव्हती. पैसे जात होते ते सुमारे ४४ हजार जणांना. अमेरिकेत शंभरी गाठलेले लोक त्या वेळच्या जनगणना विभागाच्या अंदाजानुसार ८६ हजारांच्या आसपास होते, म्हणजे ४४ हजार ही संख्या संशयास्पद म्हणावी अशी नाही. शिवाय ११५ वर्षे वय झाल्यावर देणे आपोआप थांबवण्याची व्यवस्था तिथे सप्टेंबर २०१५ पासून आहे. खुद्द ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत त्या खात्याच्या प्रभारी प्रमुखांनी १९ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे या भाषणाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी, या नोंदींतील व्यक्तींना लाभ मिळतच असतील असे नाही, हे जाहीर केले होते.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. नोंदवही दुरुस्त करण्याचा खर्च ५५ ते ९७ लाख डॉलर येईल आणि त्यातून फारसे काही हाती लागणार नाही, असे सांगून खात्याने महानिरीक्षकांची सूचना बाजूला ठेवली. कोऱ्या रकान्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला वापरता येतो, नोकरीसाठी किंवा खाते उघडण्यासाठी, हे महानिरीक्षकांचे म्हणणे मला पटते. नोंदवही अस्वच्छ होती, हा आरोप टिकतो. त्यावरून मेलेल्यांना पेन्शन मिळते, हा आरोप टिकत नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. 'सरकारचे २३,६०० कोटी डॉलर एका वर्षात फसवणुकीत गेले' असा संदेश मला आला. एवढी मोठी रक्कम लेखापरीक्षणातून आलेली असेल तर तिच्यावर शंका कशी घ्यायची?

रक्कम लेखापरीक्षणातूनच आलेली आहे. बदलला आहे तो तिच्या पुढचा शब्द. अमेरिकेचे सरकारी उत्तरदायित्व कार्यालय दरवर्षी 'अयोग्य देयकां'चा अंदाज प्रसिद्ध करते आणि २०२३ च्या आर्थिक वर्षासाठी तो २३,६०० कोटी डॉलर होता. अयोग्य देयक म्हणजे जे देणे नियमाप्रमाणे झाले नाही किंवा तसे झाले हे कागदावर दाखवता आले नाही ते. अपात्र माणसाला दिलेले पैसे त्यात येतात, पण पात्र माणसाला चुकून जास्त दिलेले, इतकेच काय, कमी दिलेले पैसेही त्यात येतात, आणि लाभ योग्य असूनही फाइलमध्ये एखादा दाखला नसेल तर तेही देयक त्याच खात्यात पडते. आपण बँकेत होता, तेव्हा लेखापरीक्षकाचा प्रत्येक आक्षेप म्हणजे अफरातफर नव्हे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

ब्रिटनचे श्रम आणि पेन्शन खाते हे वर्गीकरण जास्त नीटपणे करते. तिथे फसवणूक, लाभार्थीची चूक आणि कार्यालयाची चूक असे तीन रकाने वेगळे छापले जातात. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लाभांच्या एकूण खर्चापैकी ३.३ टक्के, म्हणजे सुमारे ९५० कोटी पौंड, जास्तीचे दिले गेले, आणि त्यांपैकी फसवणूक या रकान्यात ६५० कोटी पौंड होते. ३.३ टक्के हा सगळा आकडा 'फसवणूक' म्हणून सांगितला की दावा एका क्षणात जवळजवळ दीडपट होतो, आणि सांगणाऱ्याला आपण खोटे बोललो असे वाटतही नाही.

लोकांच्या मनातला आकडा तर याहून कितीतरी मोठा असतो. ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत लोकांचा सरासरी अंदाज असा निघाला की कल्याण योजनांवरच्या खर्चापैकी २७ टक्के रक्कम फसवणुकीने लाटली जाते. सरकारचा स्वतःचा त्या वेळचा आकडा ०.७ टक्के होता. पाहणी करणारी संस्था तटस्थ नव्हती, हे ध्यानात ठेवूनही हे अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

प्रश्न : तुमच्या सदरातून दर वेळी फसवणुकीचे आकडे फुगवलेले आहेत असाच सूर निघतो. मग फसवणूक होतच नाही, असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही, आणि तसा सूर निघत असेल तर तो माझा दोष आहे. फसवणूक होते आणि कधी कधी प्रचंड होते. ज्या उत्तरदायित्व कार्यालयाचा वर उल्लेख केला, त्यानेच एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारचे फसवणुकीमुळे होणारे वार्षिक नुकसान २३,३०० कोटी ते ५२,१०० कोटी डॉलरच्या दरम्यान असावे, असा अंदाज दिला. तो २०१८ ते २०२२ या वर्षांच्या माहितीवर आधारलेला आहे, त्यात सर्व खाती येतात, आणि खालच्या व वरच्या टोकांतले अंतर पाहिले तर अंदाज किती ढोबळ आहे तेही कळते. करोनाकाळातील बेकारभत्त्याचे उदाहरण अधिक ठोस आहे. अर्ज झटपट निकाली काढायचे म्हणून पडताळणी सैल केली गेली, आणि त्याच कार्यालयाच्या २०२३ मधील अंदाजाप्रमाणे १०,००० ते १३,५०० कोटी डॉलर, म्हणजे वाटलेल्या रकमेच्या ११ ते १५ टक्के, लबाडीने गेले. 'फसवणूक नगण्य असते' असा दावा कोणी केला तर त्याच्यासमोर हा आकडा ठेवावा.

परंतु ही लबाडी कोणी केली, हेही विचारावे. राजकीय भाषणात चित्र रंगवले जाते ते आळशी लाभार्थीचे. प्रत्यक्षात मोठ्या रकमा बहुधा मधल्या पुरवठादारांकडे, दवाखान्यांकडे किंवा चोरलेल्या ओळखी घाऊक वापरणाऱ्या टोळ्यांकडे जातात. मिनेसोटा राज्यात मुलांच्या भोजनासाठी आलेले सुमारे २५ कोटी डॉलर लाटल्याचा खटला सप्टेंबर २०२२ मध्ये ४७ जणांवर दाखल झाला, तो जेवणाऱ्या मुलांवर नव्हता. न वाढलेल्या जेवणांची बिले लावणाऱ्यांवर होता.

प्रश्न : 'फोनवरून येणाऱ्या दर दहा अर्जांपैकी चार बोगस' असा एक दावा वाचला. खरा आहे का?

हा अंश आणि छेद यांची अदलाबदल करून झालेला दावा आहे. सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत मूळ विधान असे होते की लाभार्थीचा बँक खाते क्रमांक बदलून पैसे दुसरीकडे वळवण्याचे जे गुन्हे होतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के फोनवरून झालेल्या बदलांशी जोडलेले आहेत. म्हणजे छेदस्थानी होते ते गुन्हे. २०२५ च्या मार्चमध्ये राजकीय तोंडी हे वाक्य आले तेव्हा छेदस्थानी सगळे फोन जाऊन बसले. रस्त्यावरील अपघातांपैकी ४० टक्के दुचाकींचे असतात, म्हणून दर दहा दुचाकींपैकी चारांना अपघात होतो, असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न : सरकार जेव्हा 'बोगस लाभार्थी काढून इतके कोटी वाचवले' म्हणते, तेव्हा तो दावाही तपासता येतो का?

तपासायलाच हवा, वाचवलेल्या रकमेचा दावा हा फसवणुकीचाच दावा असतो, फक्त उलट्या बाजूने केलेला. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅसच्या थेट अनुदानाचे उदाहरण घ्या. 'पहल' योजनेमुळे २०१४-१५ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये वाचले, असे सांगितले गेले. हिशेब असा होता : बंद केलेल्या ३ कोटी ३४ लाख जोडण्या, गुणिले वर्षाला १२ सिलिंडर, गुणिले दर सिलिंडरमागे सरासरी ३६६ रुपये अनुदान. गुणाकार बिनचूक आहे. पण ज्या जोडणीवर कोणी सिलिंडर उचलतच नव्हते तीदेखील वर्षाला पूर्ण १२ सिलिंडर उचलत होती, असे त्यात धरले गेले होते, आणि खऱ्या ग्राहकांपैकीही फार थोडे तेवढे उचलतात.

महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात एप्रिल ते डिसेंबर २०१५ आणि आधीच्या वर्षाचा तोच काळ यांची तुलना केली. अनुदानाचा बोजा या काळात मोठ्या प्रमाणात उतरला होता, हे खरे. मात्र त्यातील २१,५५२ कोटी रुपयांची घट आंतरराष्ट्रीय बाजारात गॅस स्वस्त झाल्यामुळे होती आणि ग्राहकांनी कमी सिलिंडर उचलल्यामुळे झालेली घट १,७६४ कोटींची होती. ही दुसरी रक्कमही लहान नाही, आणि दुबार जोडण्या बंद होणे चांगलेच झाले. पण बाजारभावाचे श्रेय योजनेने घेतले होते.

प्रश्न : आकडा थोडा चुकला म्हणून काय बिघडते? चोर पकडले जातात ना?

असे पत्र या वेळी एकच आले आहे, पण मनात हा प्रश्न अनेकांच्या असतो. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१५ मध्ये समाजसेवा खात्याचे मंत्री स्कॉट मॉरिसन कल्याण योजनांवर गस्त घालणाऱ्या खमक्या पोलिसाची भाषा बोलत होते. त्यानंतर 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेली वसुलीची यंत्रणा उभी राहिली. तिचे गणित समजावे म्हणून एक कल्पित माणूस घेऊ. तो वर्षातील पहिले २६ आठवडे काम करून २६,००० डॉलर कमावतो, नंतर काम सुटते आणि उरलेले २६ आठवडे तो बेकारभत्ता घेतो. दर पंधरवड्याला 'उत्पन्न शून्य' असे तो खरेच लिहून देतो. यंत्रणा प्राप्तिकर खात्याकडून २६,००० हा वार्षिक आकडा घेते, त्याला २६ पंधरवड्यांनी भागते आणि ठरवते की या माणसाने दर पंधरवड्याला १,००० डॉलर मिळवले. मग भत्त्याच्या तेराही पंधरवड्यांत त्याने उत्पन्न लपवले असा निष्कर्ष निघतो, वसुलीची नोटीस जाते, आणि आपण चोर नाही हे सिद्ध करण्यासाठी जुन्या पगारपत्रकांचा शोध त्यानेच घ्यायचा असतो.

लाखो लोकांना अशा नोटिसा गेल्या. ही पद्धत बेकायदेशीर ठरली, पैसे परत करावे लागले, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाच्या प्रमुख कॅथरिन होम्स यांनी तिचे वर्णन ओबडधोबड आणि निर्दय यंत्रणा असे केले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत असेच घडले. २०१३ मध्ये बल्गेरियन टोळ्यांच्या लबाडीवरून गदारोळ झाला, कर खाते कडक झाले, आणि अर्जावरची सही राहून गेल्यासारख्या चुकांसाठीही हजारो पालकांना लबाड ठरवून संपूर्ण भत्ता परत मागितला गेला. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट्ट यांच्या मंत्रिमंडळाला त्यापायी राजीनामा द्यावा लागला.

प्रश्न : ज्या दाव्यात थोडे सत्य आणि बरीच अतिशयोक्ती असते, त्याला तुम्ही सरळ 'खोटा' असा शिक्का का मारत नाही?

कारण तसा शिक्का मारला की जे खरे आहे तेही पुसले जाते, आणि वाचकाचा माझ्यावरचा विश्वास तिथेच उडतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी १९७६ मध्ये केलेल्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत : तिची ८० नावे, ३० पत्ते आणि वर्षाला दीड लाख डॉलर करमुक्त उत्पन्न. ही बाई कल्पित होती असे पुढे अनेकांनी लिहिले, पण ती कल्पित नव्हती. तिच्यावर खटला चालला आणि शिक्षाही झाली. १९७७ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले ते दोन खोट्या नावांनी उचललेले २३ धनादेश, आणि त्यांची एकूण रक्कम होती सुमारे ८ हजार डॉलर.