अजून काठी?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ६६ वर्षांची, ठाण्याला राहते. सात आठवड्यांपूर्वी माझा उजवा खुबा बदलला, म्हणजे ऑपरेशन करून नवा सांधा बसवला. वॉकर सुटला, आता काठीवर आहे, घरात म्हणजे हॉल ते किचन छान चालते. पण बाहेर पडलं की सगळं बिघडतं. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात तलावपाळीपर्यंत गेले, येताना पाय उचलेना म्हणून अर्ध्यात रिक्षा केली, तर त्या रिक्षात बसताना जीव गेला. रात्री घोटा हा एवढा सुजला. मिस्टर म्हणतात रोज थोडं वाढवायचं, दुखलं तरी चालायचं, नाहीतर पाय जाम होईल. जाऊबाईंनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिन्यात काठी टाकली होती आणि खाली कट्ट्यावर जो तो विचारतो, अजून काठी? खरं सांगते लाज वाटते. पाय उजवा म्हणून काठीही उजव्या हातातच धरते. किती चालू, काठी कधी सोडू? आणि पाऊस तोंडावर आलाय, तर बाहेर जाऊच नको का?

उत्तर : काकू, आधी काठी डाव्या हातात घ्या. आत्ता, बाकीचं नंतर वाचा.

बरेच पेशंट काठी दुखऱ्या बाजूलाच धरून येतात, कारण मनाला तेच पटतं की जिथे दुखतं तिथे टेकू. पण खुब्याचं गणित उलटं आहे. चालताना आपण दर पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो आणि त्या क्षणी त्या खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू जोरात ओढत असतात. तुमचे ते स्नायू ऑपरेशनच्या आधीपासून सुकलेत, दुखतंय म्हणून तुम्ही तो पाय चुकवतच होतात की. डाव्या हातातली काठी जमीन दाबते तेव्हा ती त्या स्नायूंचं बरंच काम उचलते. तीच काठी उजवीकडे धरली की सगळं अंग उजवीकडे झुकतं आणि बदकासारखी चाल होते, आणि ती एकदा अंगवळणी पडली की मोडायला आम्हाला सहा-सहा महिने लागतात. उजवा पाय आणि डावी काठी एकाच वेळी पुढे, मग डावा पाय. काठीची उंची पायात चालायचे सँडल-बूट घालून, हात सरळ खाली सोडून मनगटाच्या रेषेइतकी. मूठ धरली की कोपर जरासं वाकलं पाहिजे. आणि खालचं रबरी बूच उलटं करून बघा, त्याच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर आजच बदला, मेडिकलवाल्याकडे मिळतं, किरकोळ किमतीत.

आता किती चालायचं. तलावपाळीला गेलात तेव्हा हिशोब फक्त जाण्याचा केलात, माणूस थकतो येताना. सध्या दहा मिनिटं, म्हणजे पाच गेल्यावर कितीही बरं वाटलं तरी मागे वळायचं, आणि असं दिवसातून दोन-तीनदा. एकदम अर्धा तास नको. मग निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी घोटा-पोटरी थोडी जड होणं, सुजणं हे अजून काही आठवडे चालणारच, आडवं पडून पाय उशीवर घेतला की ती उतरली पाहिजे. सकाळी उठल्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. नसेल तर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे, चालायचंच, पण लंगडत चाललेली वीस मिनिटं म्हणजे लंगडण्याचीच प्रॅक्टिस. चाल बिघडायला लागली की तिथेच थांबायचं, घड्याळ गेलं खड्ड्यात.

घरात लादी सपाट असते, भिंत असते. बाहेर आपले फुटपाथ, त्यावर उचकटलेले पेव्हर ब्लॉक, तिरकी गटाराची झाकणं, पार्क केलेली स्कूटर आणि तिला वळसा घालायला चक्क रस्त्यावर उतरायचं. आपल्याकडच्या फुटपाथची उंची कुणी ठरवली त्याला एकदा खुबा बदलून त्यावर चढवायला पाहिजे, असो. चढताना आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, चांगला मागून. उजवा-डावा आठवत बसू नका, "चांगला वर जातो, दुखरा खाली येतो" एवढं पाठ करा. पहिले काही दिवस बिल्डिंगच्या आवारातच फेऱ्या मारा, मुलं क्रिकेट खेळत नसतील तेव्हा.

एक गोष्ट मात्र नीट सांगते, कारण घरात ती कळत नाही. मागून कुणी हाक मारली की आपण काय करतो, पाय तिथेच ठेवून गर्रकन वळतो. तुमचा उजवा पाय जमिनीवर रोवलेला आणि अंग उजवीकडे वळलं तर तो पाय खुब्यापाशी आतल्या बाजूला पिळतो, आणि मागच्या बाजूने चीर देऊन ऑपरेशन केलेलं असेल तर सांध्याचा नवा बॉल त्याच्या वाटीतून निसटायला हीच दिशा लागते. म्हणून हाक आली तर आधी थांबा, मग जागच्या जागी छोटी-छोटी चार-पाच पावलं टाकत अख्खं अंग वळवा. देवळातही तेच, प्रदक्षिणा उजवीकडे वळत जाते आणि तुमचा पाय नेमका उजवा, तेव्हा घाई नको, आणि वाकून नमस्कार तर सध्या देवाला हात जोडूनच पोचेल. चीर मागून होती की पुढून हे सर्जनना विचारून फाइलवर लिहून ठेवा, पुढून असेल तर बंधनं वेगळी असतात, आणि ती किती दिवस पाळायची हेही तेच सांगतील.

बसण्याचं : तुमचा तो कट्टा किती उंच आहे? बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर येत असेल तर तो कट्टा तुमचा नाही, उभ्यानेच गप्पा मारा किंवा घरातून एक कडक उशी न्या. बागेतले बाकही बहुतेक बुटकेच असतात. रिक्षाचं म्हणाल तर सीट बुटकी, पुढे पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. अजून महिनाभर टॅक्सीच बरी, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, थोडी कलती करून, आधी पाठमोरं होऊन बूड टेकायचं, उजवा पाय पुढे लांब ठेवून, मग दोन्ही पाय एकत्र आत. रिक्षाशिवाय गत्यंतर नसेल तर तीच पद्धत, खाली जाड उशी घेऊन.

पाऊस. घाबरायचं कारण नाही पण शेवाळ आलेल्या फरशीवर काठीसुद्धा घसरते, त्यामुळे ओलं असेल त्या दिवशी पार्किंगमध्ये किंवा बिल्डिंगच्या लांब पॅसेजमध्ये फेऱ्या. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री हे चालणार नाही, रेनकोट घ्या. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट, आणि ती घालायला वाकू नका, लांब दांड्याचं शूहॉर्न मिळतं. भाजीची पिशवीही नको, पाठीला छोटी सॅक लावा, फोन त्यातच ठेवा म्हणजे चालताना बोलणं आपोआप बंद.

काठी कधी सोडायची? ओट्याला दोन्ही हातांनी धरून फक्त उजव्या पायावर दहा सेकंद उभ्या राहा, कुणाला तरी मागून कंबर बघायला सांगा. डावी बाजू खाली पडली तर काठी राहू दे. कंबर सरळ राहायला लागली, घरात काठीशिवाय लंगडत नाही असं फिजिओथेरपिस्टने पाहून सांगितलं, की आधी घरात सोडा, बाहेर त्यानंतरही थोडे दिवस असू दे. गर्दीत तर ती लोकांना लांब ठेवायलाही कामाला येते. जाऊबाईंचा गुडघा होता, तुमचा खुबा, ते वेगळं प्रकरण. कट्ट्यावर कुणी विचारलं तर म्हणा, हो अजून.

आणि हे कधीच अंगावर काढू नका : एकाच पोटरीत ठसठस, गरमपणा, दाबलं की कळ, किंवा पाय उशीवर घेऊनही न उतरणारी सूज, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल. चालताना खुब्यात कळ येऊन पाय टेकवेना, आखूड किंवा वळलेला दिसायला लागला तर एकही पाऊल न टाकता १०८ ला फोन. जखमेतून पाणी येणं किंवा ताप आला तरी कळवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद नकोत.

प्रश्न : वडील ७१, खुबा बदलून साडेचार महिने झाले, काठी सुटलीय, रोज तीन किलोमीटर चालतात. दरवर्षी वारी करतात, यंदाही जाणार म्हणून हटून बसलेत. काय सांगू?

उत्तर : नाही म्हणू नका, ते गुपचूप जातील. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि खरा त्रास चालण्याचा नाहीच, मुक्कामाचा आहे. तंबूत जमिनीवर झोपायचं, पंगतीला मांडी घालायची, उकिडवं बसायचं, पहाटे अंधारात चिखलातून जायचं, वर गर्दीचा रेटा. तीन किलोमीटरवरून एकदम वीसवर जाणं तर नकोच. सर्जनना भेटून विचारा आणि त्यांनी होकार दिला तर एखाद्या सपाट टप्प्यातले दोन-तीन किलोमीटर दिंडीच्या कडेकडेने, सोबत तुम्ही, घडीची खुर्ची आणि मागे गाडी. दिवे घाट यंदा गाडीतून. पाय धुवायला, पाया पडायला वाकू देऊ नका, माऊली समजून घेतील, दिंडीतले लोक घेतील की नाही ते तुम्ही बघा.

प्रश्न : आईचा खुबा बदललाय. मेट्रोच्या गेटवर मशीन वाजतं, पोलीस अडवतात, आईला ओशाळल्यासारखं होतं.

उत्तर : आत धातू आहे, वाजणारच. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि वाजायच्या आधीच सांगून टाका, "खुबा बदललाय". हाताच्या मशीनने तपासतात आणि सोडतात. तिथे घाईने मागे वळायचं मात्र नाही, वर काकूंना सांगितलंय तसंच, छोट्या पावलांनी.