कड् वाजलं म्हणजे मणका बसला का?

प्रश्न : वय ४१, दिवसभर संगणकापुढे बसून काम. तीन आठवड्यांपूर्वी बूट घालायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. आता बरंच कमी आहे, पण सकाळी उठताना कंबर धरते. मित्र म्हणतो, ‘कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना दाब-झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे जा, एका झटक्यात मणका जागेवर बसवतील.’ तसले व्हिडिओ पाहिले आणि त्या कडकडाटानेच हबकलो. पहिल्यांदा गेल्यावर नेमकं काय करतात? दुखतं का? आणि मणका खरंच सरकलेला असतो का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, तुमची भीती तिथेच आहे. पत्रावरून निदान करू नये हे मलाही कळतं, पण बूट घालताना मणका असा जागा सोडत नाही. खरोखर सरकलेला मणका हा वेगळा आजार आहे आणि तो झटका देऊन कोणी बसवतही नाही.

मग आवाज कसला? आत्ता एक बोट मोडून बघा. कड् झालं? त्याच बोटाचा लगेच पुन्हा आवाज काढा. निघणार नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. सांधा पुन्हा वाजण्याजोगा व्हायला साधारण २० मिनिटं जातात. पाठीतही हेच घडतं. हाड हाडावर आपटत नाही, काही ‘बसत’ही नाही. आवाज न येता आराम पडतो, आणि आवाज येऊनही पडत नाही.

‘मणका सरकला’ ही भाषा जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची ही पद्धत सुरू केली, तीच एका माणसाचा मणका दाबून त्याचा बहिरेपणा घालवला या दाव्यावर. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, पण ते असो. आज या उपचाराला बऱ्यापैकी पुरावा आहे तो कंबरदुखीसाठी. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीवरच्या बिनऔषधी उपायांत त्याला जागा दिली, मसाज, शेक आणि व्यायामाच्या पंगतीत. कोणी दमा, कानाचं दुखणं किंवा बाळाचं रडणं मणक्यावरून बरं करतो म्हणालं, तर नमस्कार करून निघा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्यात कायरोप्रॅक्टरांविषयी थोडा आकस असतो, मलाही होता. चार वर्षांपूर्वी सुटकेस उचलताना माझीच कंबर धरली. आधी ज्या ठिकाणी गेले, तिथे काय दुखतं हे विचारण्याआधी एक्स-रे काढायला पाठवलं आणि फिल्म दिव्यावर लावून २४ सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, पैसे आगाऊ. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. साध्या कंबरदुखीत सरसकट एक्स-रे लागत नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पहिला अर्धा तास मला हातच लावला नाही. ताप आला होता का? वजन आपोआप उतरलंय? कधी कॅन्सर झाला होता? स्टिरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? लघवी होताना फरक जाणवतो? हेच प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारते, तरी मला कंटाळा आला. मग गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलं, पायाच्या अंगठ्याची ताकद तपासली, आणि काय करणार, का करणार, नको असेल तर दुसरं काय करता येईल हे सांगितलं. मी ‘हो’ म्हटल्यावर कुशीवर निजवलं, वरचा गुडघा दुमडला, श्वास सोडायला लावला, आणि सोडता सोडता एक छोटा, चपळ दाब. दुखलं नाही, दचकले मात्र. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं होतं, बऱ्याच दिवसांनी व्यायाम केल्यासारखं. असं अनेकांना होतं, एक-दोन दिवसांत जातं.

तुम्हाला जायचं तर जा, पण तो अर्धा तास मिळाला नाही तर टेबलावर चढू नका. चार-पाच सिटिंगमध्ये फरक नसेल तर थांबा. खरं सांगायचं तर तुमची कंबर आपणहून सुधारते आहे. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत अशीच उतरते आणि श्रेय शेवटी हात लावणाऱ्याला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! रोज चाला, तासातासाने खुर्ची सोडा. मात्र लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, पायातली शक्ती कमी झाली, तर कायरोप्रॅक्टरही नको आणि मीही नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : आई ७० वर्षांची. हाडं ठिसूळ झालीत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मान दुखते, अधूनमधून चक्कर येते. तिला नेऊ का?

उत्तर : मानेला झटका देण्यासाठी नको. आधी डॉक्टरांकडून चक्करेचं कारण शोधून घ्या. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. मानेच्या झटक्यानंतर त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ आहेत, पण आहेत. पूर्वी कधी नव्हती अशी मानदुखी अचानक उठली आणि सोबत बोलणं जड झालं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर थेट इमर्जन्सीत न्या.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तर हलका मसाज, सांधे सावकाश हलवणं आणि मानेचे व्यायाम यांनीही आराम पडतो. कोणाकडेही न्या, पण गोळीचं नाव आणि ‘मानेला झटका नको’ हे दोन्ही आई बसलेली असतानाच सांगा. टेबलाच्या भोकात तोंड घालून पालथं झोपल्यावर माणसाला नाही म्हणायला जमत नाही.