दाखल्यातलं एक वर्ष

प्रश्न : माझा मुलगा यंदा 71 टक्क्यांनी दहावी पास झाला. पेठेतल्या तालमीच्या ज्युनियर फुटबॉल संघात गोलकीपर आहे. चिलीचा क्लाउडिओ ब्राव्हो त्याचा देव. एका अकादमीच्या निवड चाचणीत वयाच्या अटीत तो बसत नाही, सात महिन्यांनी मोठा भरतो. ओळखीतले एक जण जन्मदाखल्यात वर्षाचा फरक करून देतो म्हणतात. आम्ही घरच्यांनी तसं ठरवत आणलंय. मुलगा काही बोलत नाही, पण आमच्या शब्दाबाहेर नाही. आत्ता अकादमी हुकली तर संपलंच ना? आणि अकरावीला सायन्स घ्यावं की कॉमर्स? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सोपं आधी उरकतो. फिजिओथेरपीकडे जायचा विचार असेल तर जीवशास्त्रासह सायन्स आणि पुढे ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. नसेल तर कॉमर्स घ्या, सरावाला वेळ उरेल. 71 टक्क्यांची काळजी करू नका.

काळजी मला त्या एका वाक्याची वाटते : ‘मुलगा काही बोलत नाही.’ सोळा वर्षांच्या, फुटबॉलवेड्या पोराला अकादमीचं दार उघडून मिळतंय आणि तो गप्प आहे. ही संमती नव्हे हो. उद्या प्रवेशाच्या टेबलापाशी कुणी ‘जन्मतारीख सांग’ म्हटलं, तर खोटी तारीख त्याच्या तोंडून जाणार आहे, तुमच्या नाही. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात, तिथेही हात त्यालाच पुढे करावा लागेल. दाखला करून देणारे तुमचे ओळखीचे गृहस्थ तेव्हा फोनही उचलणार नाहीत.

ब्राव्होचं नाव तुम्ही काढलंत म्हणून त्याच्या आधीच्या एका चिलियन गोलकीपरबद्दल सांगतो. रोबेर्तो रोहास. ‘एल कोंदोर’ म्हणायचे त्याला. चिलीतल्या कोलो-कोलो क्लबात नाव कमावून तो 1987 साली ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबात गेला. देशाच्या संघाचा कप्तान होता. 3 सप्टेंबर 1989, रिओचं माराकाना स्टेडियम, 1990च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. चिलीला जिंकणं भाग होतं आणि ब्राझील 1-0 असं पुढे होतं. प्रेक्षकांतून जळती फ्लेअर, म्हणजे धूर ओकणारं नळकांडं, मैदानात पडली, धूर झाला आणि रोहास कपाळ धरून कोसळला. चेहरा रक्तानं माखलेला. सहकाऱ्यांनी त्याला उचलून बाहेर नेलं आणि चिलीचा संघ मैदानात परतलाच नाही. चिलीत लोक ब्राझीलच्या नावानं बोटं मोडत राहिले. पण एका फोटोग्राफरनं टिपलेल्या चित्रांत स्पष्ट दिसत होतं की फ्लेअर त्याला लागलीच नव्हती. ग्लोव्हमध्ये लपवलेल्या ब्लेडनं त्यानं स्वतःच कपाळ चिरून घेतलं होतं. पुढे त्यानं ते कबूल केलं.

फिफानं सामना ब्राझीलला 2-0 असा बहाल केला आणि रोहासवर आजन्म बंदी घातली. प्रशिक्षक ओर्लांदो आरावेना आणि संघाचे डॉक्टर यांनाही शिक्षा झाली. त्या दोघांकडे जरा लक्ष द्या, कारण तुमच्या घरातल्या बेतात ती जागा तुमची आहे. आणि ज्या पोरांचा यात काडीचा संबंध नव्हता, त्यांचं काय झालं? चिलीला 1994च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतूनच बाहेर ठेवलं गेलं. वयचोरीतही सापडतो एक आणि स्पर्धेबाहेर जायची पाळी अख्ख्या संघावर येऊ शकते. पेठेत हे किती वर्षं ऐकवतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता तुमचा दुसरा गैरसमज : आत्ता हुकलं की संपलं. पळण्यावर खेळणाऱ्या विंगरच्या बापानं हे लिहिलं असतं तर मी थोडं तरी ऐकून घेतलं असतं. गोलकीपर उशिरा पिकतो. चेंडू कुठून येणार हे ओळखणं, बचावफळीला ओरडून जागेवर आणणं, कधी पुढे धावायचं आणि कधी रेषेवर थांबायचं, हे सामने खेळून खेळूनच अंगात मुरतं. तुमच्याच मुलाचा ब्राव्हो घ्या. 2014 साली तो बार्सिलोना क्लबात गेला तेव्हा 31 वर्षांचा होता. 2015 साली सान्तियागोत अर्जेंटिनाला पेनल्टींवर हरवून चिलीनं पहिल्यांदा कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा जिंकली, तेव्हा कप्तान हाच, वय 32. निवृत्त झाला 2024 साली, 41व्या वर्षी. माराकानावर रोहासही 32चाच होता. इतक्या लांब पल्ल्याच्या कामात तुम्ही सात महिन्यांसाठी दाखल्याला हात लावायला निघालात.

रोहासचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर मी नुसता घाबरवतोय असं वाटेल. ज्या ब्राझीलला त्यानं फसवू पाहिलं, तिथल्याच साओ पाउलो क्लबानं त्याला गोलकीपरांचा प्रशिक्षक म्हणून काम दिलं. फिफानं 2001 साली बंदी उठवली, तोवर तो चाळिशी ओलांडून गेला होता. 2003 साली तो त्याच क्लबाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि संघाला कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेची पात्रता मिळवून दिली. हाताखालून पोरं घडवली, पण स्वतः गोलपोस्टसमोर उभं राहायचं ते राहिलंच.

तेव्हा दाखला आहे तसाच राहू द्या आणि त्या गृहस्थांना आजच ‘नको’ कळवा. पैसे दिले असतील तर गेले समजा. ही चाचणी सोडा, त्याच्या खऱ्या वयाला पुढचा गट कुठला आहे ते तालमीच्या प्रशिक्षकांना विचारा. हंगामभर त्याला मोठ्या पोरांच्या शॉट्ससमोर उभं करा. रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा, ‘दाखल्याचं तुला काय वाटत होतं?’ आणि मध्ये बोलू नका. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, तुम्ही वाचून बघितलं नाहीत तरी चालेल.