मागचे बुश बदलण्याआधी फ्लोअर तपासा

प्रश्न : माझ्याकडे 2003 सालची बीएमडब्ल्यू ई46 मालिकेतील जुनी गाडी आहे. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ती चालवण्याची इच्छा आहे. मागच्या बाजूला कडक पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांत बसून धक्का झेलणारे नळीसारखे तुकडे) बसवण्याचा आणि आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराकडून सबफ्रेमपाशी (मागच्या चाकांची यंत्रणा पेलणाऱ्या चौकटीपाशी) जाड पट्ट्या मारून घेण्याचा विचार आहे. हे योग्य ठरेल का? — एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आपला हेतू योग्य आहे, परंतु कामांचा क्रम उलटा झाला आहे. या मालिकेतील गाड्यांमध्ये मागचा सबफ्रेम रबरी बुशच्या आधाराने चार ठिकाणी गाडीच्या फ्लोअरला, म्हणजे तळाच्या पत्र्याला, बोल्टने जोडलेला असतो. इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा डिफरेन्शियल याच सबफ्रेमवर बसत असल्यामुळे प्रत्येक वेळी अॅक्सिलरेटर दाबला वा सोडला की सबफ्रेम पिळला जातो आणि तो पीळ त्या चार जागांवरील पातळ पत्र्याला आळीपाळीने ओढतो व दाबतो. त्यातून स्पॉट वेल्डभोवतीचा, म्हणजे पत्रे ठिपक्यांसारखे वितळवून जोडलेल्या जागांभोवतीचा, पत्रा थकतो आणि तडे जातात. हा या गाडीचा सर्वपरिचित दोष असून तो साध्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांतही आढळतो. रबर मऊ असल्याने काही धक्का स्वतःत जिरवते. ते काढून कडक बुश बसवले तर तोच धक्का पत्र्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आधी फ्लोअर, मग बुश.

प्रथम गाडी लिफ्टवर घ्या. आपल्याकडची काळी माती खालच्या भागाला लिंपून बसते आणि बारीक तडा तिच्याखाली सहज दडतो, तेव्हा धुऊन, संरक्षक थर खरवडून, पत्रा उघडा करूनच पाहा. शक्य असल्यास सबफ्रेम उतरवावा, कारण तो जागेवर असताना दिसते त्यापेक्षा बरेच काही झाकलेले राहते. तडा सापडल्यास त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे 3 मिलिमीटरचे छिद्र पाडून त्याचे पसरणे थांबवावे, तडा वेल्डने भरावा आणि त्यावर या गाडीसाठी आकार देऊन तयार मिळणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात. या पट्ट्यांचा उपयोग जाडीपेक्षा विस्तारात आहे, कारण त्या बोल्टभोवतीचा भार मोठ्या क्षेत्रावर वाटून देतात. पातळ फ्लोअरवर जाडजूड पट्टी मारली तर ती स्वतः वाकत नाही, मात्र तिच्या कडेला पत्रा पुन्हा फाटतो.

ट्रॉलीच्या कारागिराच्या हातातील कसब मी कमी लेखत नाही. तथापि जाड लोखंडावर रॉडने चालणारी वेल्डिंग या पातळ पत्र्याला भोक पाडते. त्यामुळे सीओटू वेल्डिंगवर (वायूच्या आवरणात बारीक तारेने होणाऱ्या वेल्डिंगवर) मोटारीच्या पत्र्याचे काम करणारा माणूस शोधावा आणि त्याने थोडे थोडे, जागा बदलत वेल्ड करावे, म्हणजे पत्रा तापून वाकडा होणार नाही. पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरवल्याशिवाय, आतील सीट व गालिचा काढल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय कोणालाही ठिणगी पाडू देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. काम झाल्यावर प्रायमर, सीलर आणि गंजरोधक थर लावणे आवश्यक आहे.

मागच्या चाकाचा डँपर (शॉक अॅब्झॉर्बर) वरच्या टोकाला जिथे डिकीच्या पत्र्याला बांधलेला असतो तिथेही तडे जातात, म्हणून त्या जागी आधारपट्टी लावावी. हे काम तुलनेने सोपे आहे.

आता बुश. मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ट्रेलिंग आर्मच्या, पुढच्या टोकाचा बुश झिजला की ब्रेक लावताना मागचे चाक आत-बाहेर कोन बदलते आणि गाडी वळणावर बिचकते. तो अनेक दिशांनी फिरावा लागतो, म्हणून पूर्ण कडक पॉलियुरेथेन तिथे अडखळते. माझ्या मते, नवीन रबरी बुश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हालचाल मर्यादित करणाऱ्या चकत्या, एवढे आपल्या कामासाठी पुरेसे आहे. रबरी बुशचा मधला बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर असतानाच आवळावा, कारण चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घ्यावे आणि ट्रॅकवरील पहिल्या दिवसानंतर सबफ्रेम जोडलेल्या त्याच चार जागा टॉर्च लावून पुन्हा पाहाव्यात.