विंडोजशेजारी लिनक्स टाकताय? आधी हे वाचा

सर्वात आधी बॅकअप, आणि तोही बाहेरच्या ड्राइव्हवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (भागावर) ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तो आपल्या नकळत चालू असतो. रिकव्हरी की ४८ आकडी असते, ती कागदावर उतरवून ठेवा. बूट सेटिंग्ज बदलल्या की विंडोज ती बऱ्याचदा मागतं, आणि नसेल तर डेटा गेलाच म्हणून समजा.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी ड्राइव्ह कापायला लावू नका. ५० जीबी सुरुवातीला पुरे. मोकळी केलेली जागा 'अनअलोकेटेड'च राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

इन्स्टॉल करताना खरी गोची ईएफआय पार्टिशनपाशी, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइल्स असतात त्या भागापाशी होते. १०० एमबीच्या आसपासचं, फॅट३२ असलेलं ते छोटं पार्टिशन विंडोजचंच असतं. ते वापरायचं, पण 'फॉरमॅट'वर टिक नको म्हणजे नको! लिनक्सचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्हही यूईएफआय (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) मोडमध्येच बूट करा.

नंतर विंडोजमध्ये घड्याळ चुकीचं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भागतं.